बेकारी आणि आयुष्याची दोरी

2020 साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर मृत्यू पावलेल्यांची संख्या आदल्या वर्षाच्या निम्म्याच्याही खाली आली. 2019 मध्ये रूळ ओलांडताना, दारातून पडून आणि इतर कारणांनी सुमारे 2,700 माणसे गेली होती. 2020 मध्ये हा आकडा 1,100च्या आसपास थांबला. कारण उघड आहे. 22 मार्चच्या मध्यरात्रीपासून लोकल बंद झाल्या. 15 जूनला सुरू झाल्या त्या फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी, आणि सर्वसामान्य प्रवाशाला ठरावीक वेळांत का होईना गाडीत पाय ठेवता आला तो 1 फेब्रुवारी 2021 रोजी. देशभरच्या रस्त्यांवरही तेच झाले: 2019 मध्ये अपघातांत 1,51,113 मृत्यू, 2020 मध्ये 1,31,714. मीरा रोड आणि भाईंदर या दोन स्थानकांच्या जिवावर ज्या शहराची चूल पेटते, तिथल्या कितीतरी घरांत त्या महिन्यांत एक रुपयाही येत नव्हता. आणि त्याच महिन्यांत त्या घरांतला कमावता माणूस विरार गाडीच्या दारात लटकून जिवानिशी जाण्याची भीतीही उरली नव्हती.

मंदी, बेकारी आणि मृत्यू यांचे नाते या पुस्तकाचा विषय आहे, आणि ते नाते वाटते तितके सरळ नाही हे वाचकाने सुरुवातीलाच ध्यानात घ्यावे. काम गेले की माणूस खचतो, खचलेला माणूस लवकर जातो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण अख्ख्या देशाचा मृत्युदर मोजायला बसले की आकडे अनेकदा उलटे बोलतात.

ही उलटी गोष्ट प्रथम दिसली त्याला शंभर वर्षे होऊन गेली. 1922 मध्ये विल्यम ऑगबर्न आणि डोरोथी थॉमस या अमेरिकी अभ्यासकांना तेजीच्या वर्षांत मृत्यू वाढतात आणि मंदीत घटतात असे आढळले होते. त्यांचा त्यावर विश्वास बसणे कठीण गेले असेल, पण पुढच्या महामंदीनेही तेच दाखवले. 1929 ते 1933 या काळात अमेरिकेतले सरासरी आयुर्मान सुमारे 57 वर्षांवरून 63च्या पुढे गेले. आत्महत्या तेवढ्या वाढल्या. 2000 साली ख्रिस्तोफर रूम या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या राज्यांची वीस वर्षांची आकडेवारी तपासून सांगितले की बेकारीचा दर एका टक्क्याने वाढला की एकूण मृत्युदर साधारण अर्ध्या टक्क्याने उतरतो. गिऱ्हाईक कमी तर कारखान्याचा धूर कमी, रस्त्यावर ट्रक कमी, ओव्हरटाइम कमी, दारू-सिगारेटला पैसा कमी, झोप मात्र जास्त.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले हार्वे ब्रेनर होते. 1976 मध्ये त्यांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे मांडले होते की बेकारीत एका टक्क्याची वाढ झाली तर पुढच्या सहा वर्षांत सुमारे 37,000 जादा मृत्यू होतात. त्यांच्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती बरीचशी योग्य होती. तरी ब्रेनर ज्या दुःखाकडे बोट दाखवत होते ते खोटे नव्हते. त्यांनी ते चुकीच्या जागी मोजले, असे मला वाटते.

योग्य जागी मोजणारा अभ्यास 2009 मध्ये आला. डॅनियल सुलिव्हन आणि टिल फॉन वाख्टर यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या अशा पुरुष कामगारांचा माग काढला ज्यांची पक्की, जुनी नोकरी कारखान्यातल्या सामूहिक कपातीत गेली होती. काम गेल्यानंतरच्या पहिल्या काळात या माणसांचा मृत्युदर काम टिकलेल्या सोबत्यांपेक्षा 50 ते 100 टक्क्यांनी जास्त होता. वीस वर्षांनंतरही तो 10 ते 15 टक्क्यांनी जास्तच राहिला. चाळिशीत नोकरी गेलेल्याच्या आयुष्यातून एक ते दीड वर्ष कमी झाले, असा त्यांचा हिशेब.

मग खरे काय? दोन्ही खरे. मंदीत शंभरांतल्या पाच-दहांचे काम जाते. उरलेले नव्वद कमी धुरात, कमी धावपळीत जगतात आणि सरासरी सुधारते. ज्यांचे काम गेले त्यांची घसरण या नव्वदांच्या फायद्याखाली दबून जाते. म्हणून कोणी ‘मंदीत मृत्युदर वाढला नाही’ असे सांगितले की विचारायचे: कोणाचा? पुढची सगळी पाने या एका प्रश्नाभोवती आहेत, आणि त्याचे उत्तर शोधायला पेनसिल्व्हेनियापेक्षा आपल्याला परळ जवळ आहे.

18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या साठांहून अधिक कापडगिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यांचे नेते दत्ता सामंत स्वतः वैद्यकीय पदवीधर होते. घाटकोपरला दवाखाना चालवताना खाणकामगारांच्या हालअपेष्टा पाहून ते कामगार चळवळीत ओढले गेले, आणि शेवटपर्यंत लोक त्यांना ‘डॉक्टर’ म्हणूनच ओळखत. हा संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला, गिरण्या एकामागून एक आजारी ठरल्या, बंद पडल्या, जमिनींवर टॉवर उभे राहिले. या संपाचे राजकारण, मुंबई औद्योगिक संबंध कायदा, राष्ट्रीय मिल मजदूर संघाची मान्यता, जमिनींचा व्यवहार यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या शंभर आवाजांचा मौखिक इतिहास जपून ठेवला, जयंत पवारांनी ‘अधांतर’ हे नाटक लिहिले. कामगारांच्या शरीरांचे काय झाले ही बाजू मात्र त्या मानाने अंधारात राहिली.

ती समजून घ्यायची तर पगारासोबत काय काय जाते ते पाहावे लागते. गिरणीकामगाराला राज्य विमा योजनेचे कार्ड होते. परळचे महात्मा गांधी स्मारक रुग्णालय, वस्तीतले विमा डॉक्टर हे सारे त्या कार्डावर उघडत असे. पण या योजनेचा मूळ नियमच असा की वर्गणी पगारातून कापली जाते. पगार नाही तर वर्गणी नाही, आणि वर्गणी नाही तर काही महिन्यांनी उपचाराचा हक्कही नाही. ज्या माणसाच्या फुप्फुसांत वीस-वीस वर्षांचा कापसाचा तंतू बसला होता, त्याची धूळ त्या जानेवारीत थांबली हे खरेच. पण धुळीने आधीच केलेले दुखणे घेऊन तो घरी बसला तेव्हा त्याच्या हातातले कार्ड हळूहळू निरुपयोगी होत होते. तेजीत यंत्राजवळ जडलेले आजार मंदीत घरी येऊन वाढतात, आणि सरासरीत नेमके हेच दिसत नाही.

मग आजार अंगावर काढणे सुरू होते. आधी खोकल्याचे औषध बंद होते, मग बायकोच्या पोटदुखीची तपासणी पुढे ढकलली जाते, मग मुलाचे दूध अर्धे होते. किराणावाल्याची उधारी, सोने गहाण, मग भांडी, शेवटी खोली. संपाचा भार खाणावळी चालवणाऱ्या बायकांवरही पडला. जेवणारे कामगार गावी गेले किंवा पैसे देऊ शकले नाहीत, आणि सकाळ-संध्याकाळ पन्नास जणांचे जेवण करणाऱ्या बाईची कमाईही त्याच फटक्यात गेली. अशाच बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले होते. गिरणीच्या हजेरीपटावर या बायकांचे नाव कधीच नव्हते, त्यामुळे बेकारांच्या कुठल्याही गणतीत त्या आल्या नाहीत.

आणखी एक नुकसान पैशाच्या पलीकडचे असते, आणि ते मोजायची युक्ती ऑस्ट्रियातल्या तीन तरुण संशोधकांनी शोधली. व्हिएन्नाजवळच्या मारिएंताल या गावातली सूतगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे केलेला अभ्यास 1933 मध्ये प्रसिद्ध झाला. वेळ भरपूर असूनही गावातल्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले होते. त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांची चाल मोजली: पुरुष सावकाश चालत, मध्येच थांबत, तर बायकांना घरकाम होतेच, त्यांची चाल तशीच भरभर होती. भोंगा, पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी यांवर ज्यांचे झोपणे-उठणे, जेवणे, भजनाची बारी, व्यायामशाळा सगळे बेतलेले होते, त्या लालबाग-परळच्या माणसांना हा निष्कर्ष वाचायची गरज पडली नसती. दिवसाला आकार देणारी गोष्ट गेली की शरीराला उठवणारे कारणही जाते. रक्तदाब, साखर, दारू, निद्रानाश या वाटांनी ते पुढे हृदयापर्यंत पोचते.

संपात किती माणसे वेळेआधी गेली याचा आकडा वाचक शोधेल. तो कुठे मिळायचा? हजारो कामगार कोकणात, सातारा-सांगलीकडे, घाटावर परतले, आणि त्यांचे मरण तिथल्या ग्रामपंचायतीच्या वहीत चढले. कारणाच्या जागी ‘दम लागून’, ‘हृदयविकार’, ‘वार्धक्य’. गिरणीचे नाव त्यात येण्याचे कारण नव्हते. जे मुंबईत टिकले त्यांतले कितीतरी जण खोली विकून पश्चिम रेल्वेच्या रुळांबरोबर उत्तरेकडे सरकत गेले: भाईंदर, नालासोपारा, विरार.

म्हणून या विषयाची मराठी प्रस्तावना मीरा-भाईंदरवरून लिहिणे मला योग्य वाटले. मिठागरे, शेती आणि उत्तन-चौकचे कोळीवाडे यांच्या जागी इथे चाळीस वर्षांत शहर उभे राहिले. 1985 मध्ये नगरपालिका झाली, 2002 मध्ये महानगरपालिका. 1991च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती 2011 मध्ये आठ लाखांच्या वर गेली. ही माणसे मुख्यतः परवडणाऱ्या घरासाठी आली, आणि घराचा हप्ता हेच त्यांच्या आयुष्याचे वेळापत्रक झाले. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी बनतात, हा इथला नावाजलेला धंदा. पत्रा कापायचा, प्रेसवर दाबायचा, मग पॉलिश. या कामात बोट जाणे आणि छातीत बारीक धूळ बसणे या दोन्ही गोष्टी नव्या नाहीत. मागणी उतरली की गाळ्याचे शटर आठवड्यातून तीन दिवस खाली राहते. त्या तीन दिवसांत एकही बोट जात नाही, आणि एकही मजुरी मिळत नाही.

अशा कारागिराला नोकरीवरून काढल्याचे पत्र मिळत नाही, कारण नोकरीवर घेतल्याचे पत्रही मिळालेले नसते. सरकारी पाहणीत तो ‘बेकार’ म्हणून सहसा दिसणारही नाही. दुसऱ्या दिवशी तो नाक्यावर उभा राहील, रिक्षा चालवेल, हातगाडी लावेल. गरीब माणसाला पूर्ण बेकार राहणे परवडत नाही. त्याची मंदी कमाई निम्मी होण्याच्या रूपाने येते. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने अहमदाबादच्या बंद गिरण्यांतून बाहेर फेकल्या गेलेल्या कामगारांचा दीर्घ अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही हेच दिसले: बहुतेकांनी काहीतरी काम मिळवले, पण कमी पैशाचे, बेभरवशाचे आणि सुरक्षिततेची एकही तरतूद नसलेले. म्हणून बेकारीचा दर आणि मृत्युदर यांची जोडी लावणारे पाश्चात्त्य सूत्र भाईंदरला जसेच्या तसे बसत नाही.

ते बसत नाही याचे दुसरे कारण लहान मुले. श्रीमंत देशात मंदीत धूर कमी होतो हा फायदा मोठा ठरतो, कारण तिथे बाळाच्या तोंडचा घास सहसा जात नाही. सोनिया भालोत्रा यांनी भारताच्या आकडेवारीवर केलेल्या अभ्यासात ग्रामीण भागात मंदीच्या काळात अर्भकमृत्यू वाढतात असे आढळले. अडचणीच्या दिवसांत आईला मिळेल त्या कामावर जावे लागते, आणि गरोदरपणातली तपासणी व तान्ह्याची देखभाल मागे पडते. 2011 मध्ये सारा बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 59 विकसनशील देशांतल्या 17 लाख जन्मांची माहिती तपासली. उत्पन्न घसरले की अर्भकमृत्यू वाढतात, आणि त्यात मुली मुलांपेक्षा जास्त जातात. घरात पैसा कमी पडला की कोणाचे दुखणे आधी अंगावर काढले जाते, हे त्यातून स्पष्ट दिसते. हा भाग वाचताना मला आजही राग येतो, आणि तो आवरावा असे वाटत नाही.

आत्महत्यांबद्दल जपून बोलायला हवे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार बेकारीमुळे झालेल्या आत्महत्या 2018 मध्ये 2,741, 2019 मध्ये 2,851 आणि 2020 मध्ये 3,548 होत्या. दिवाळखोरी किंवा कर्जबाजारीपणा हे कारण नोंदलेल्या याच वर्षांत अनुक्रमे 4,970, 5,908 आणि 5,213. 2021 मध्ये देशातल्या 1,64,033 आत्महत्यांपैकी 42,004 रोजंदारी मजुरांच्या होत्या, आणि राज्यांत महाराष्ट्र 22,207 इतक्या संख्येने सर्वांत पुढे होता. हे आकडे पोलिसांनी लिहिलेल्या एका कारणावर उभे आहेत, आणि माणूस एकाच कारणाने टोकाला जात नाही. वर्तमानपत्रे ‘नोकरी गेली म्हणून’ असे लिहितात तेव्हा त्याच अवस्थेतल्या दुसऱ्या माणसाला तो जणू ठरलेला रस्ता वाटू लागतो, हा धोका पुढच्या पानांतल्या प्रत्येक लेखकाने लक्षात ठेवला आहे. मदतीसाठी बोलता येते, टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक त्यासाठीच आहे. शिवाय मंदीने गेलेल्यांत आत्महत्या हा लहान हिस्सा असतो. थांबलेल्या गोळ्या, न केलेली तपासणी आणि उशिरा गाठलेले रुग्णालय यांनी जाणारे कितीतरी अधिक असतात, त्यांची बातमी होत नाही.

मध्यमवर्गाला हा विषय परका वाटू नये म्हणून 2019 साल आठवावे. एप्रिलमध्ये जेट एअरवेजची विमाने थांबली. 23 सप्टेंबरला रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले, आणि सुमारे नऊ लाख ठेवीदारांना सुरुवातीला प्रत्येक खात्यातून फक्त 1,000 रुपये काढण्याची मुभा उरली. एकूण ठेवी 11,600 कोटींच्या घरात होत्या. त्या हिवाळ्यात ठेवीदारांच्या मृत्यूच्या बातम्या येत राहिल्या. त्यांतला कोणता मृत्यू धक्क्याने झाला हे शवविच्छेदनही सांगू शकणार नाही. पण आयुष्यभराची शिल्लक असूनही बायपासचे पैसे काढता येत नाहीत, म्हणजे काय ते त्या वर्षी मुंबई-ठाण्यातल्या अनेक घरांना कळले.

मीरा-भाईंदरमध्ये हे सगळे मोजायचे तर वाट कुठून काढायची? जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969चा कायदा मृत्यू जिथे घडला तिथे नोंदवायला सांगतो. भाईंदर पश्चिमेला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, लोक त्याला टेंभा म्हणतात. पण दुखणे गंभीर झाले की मुंबईचे मोठे रुग्णालय गाठायचे ही इथली जुनी रीत. तिथे प्राण गेला तर नोंद मुंबईची. आणि बरे वाटत नाही म्हणून गावी गेलेल्याची नोंद गावची. शहराची सगळ्यात आजारी, सगळ्यात हताश माणसे अशी शहराच्या मृत्युदरातून बाहेर पडतात. मृत्यूच्या अर्जात मृताच्या व्यवसायाचा रकाना आहे, तंबाखू-दारूच्या सवयींचे रकाने आहेत. शेवटचे नियमित काम कधी सुटले, हे विचारणारा रकाना नाही.

तरीही एक गोष्ट जगभरच्या अभ्यासांतून पुरेशी स्पष्ट झाली आहे: बेकारी वाढली म्हणून मृत्यू वाढलेच पाहिजेत असे नाही. डेव्हिड स्टकलर, संजय बसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या 26 देशांची माहिती मांडली. बेकारी एका टक्क्याने वाढली की 65 वर्षांखालच्यांच्या आत्महत्या 0.79 टक्क्यांनी वाढत होत्या, रस्त्यावरचे मृत्यू कमी होत होते. पण नव्या कामाला लावणे, प्रशिक्षण, सल्ला यांवर जे देश भरपूर खर्च करत, तिथे बेकारी आणि आत्महत्या यांचा संबंध सैल पडत होता. 1990च्या दशकारंभी स्वीडनमध्ये बेकारी झपाट्याने वाढली तरी आत्महत्या घटत राहिल्या, स्पेनमध्ये वाढल्या. रशियात त्याच दशकात सगळे आधार एकदम काढून घेतले गेले, तेव्हा 1990 ते 1994 या चार वर्षांत पुरुषांचे आयुर्मान सुमारे सहा वर्षांनी खाली आले.

आपल्याकडे आधार अजिबात नाहीत असेही नाही. 2018 पासून राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. नोकरी गेलेल्या विमाधारकाला 90 दिवसांपर्यंत आधीच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के रक्कम मिळे, 2020 मध्ये ती 50 टक्के करण्यात आली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च भागतो. पण राज्य विमा योजना लागू व्हायला कारखान्यात किमान दहा कामगार लागतात, त्यांची नावे हजेरीवर लागतात, पगार 21,000 रुपयांच्या आत लागतो. आणि फुले योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे, रक्तदाबाची रोजची गोळी तिच्या कक्षेत सहसा येत नाही. सात-आठ कारागिरांचा गाळा या दोन्हींच्या मधल्या फटीत राहतो. त्या गाळ्याचे शटर खाली गेले त्या महिन्यापासून पुढचे सहा महिने तिथल्या माणसांना साखर आणि रक्तदाबाची औषधे महापालिकेच्या आरोग्यकेंद्रातून न चुकता मिळतील, आणि औषध घ्यायला न आलेल्याच्या घरी आशा कार्यकर्ती चौकशीला जाईल, एवढी व्यवस्था करायला नवा कायदा लागत नाही. त्यासाठी कोणत्या गाळ्यात किती माणसे काम करतात याची यादी लागते, आणि ती आज कोणत्याच कार्यालयात पूर्ण नाही. ती कशी करता येईल, यावर पहिले प्रकरण आहे.